जोत्यातली भरणी

जमिनीला भोकं पाडणं हा माझा धंदा. असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे विहिरी खोदता का?" नाही हो, विहिरी नाही. पेट्रोल पंप बंद झाला की त्याच्या पोटातल्या टाक्या उपसून काढतात. टाक्या गेल्या म्हणजे सगळं गेलं, असं सगळ्यांना वाटतं. खड्डा बुजतो, वर गवत येतं आणि माणसं मोकळी होतात. पण टाकी गंजून कधीतरी पाझरलेली असते, आणि जे पाझरलं ते मातीत ठाण मांडून बसतं. ते किती आहे आणि कुठपर्यंत गेलंय, हे मी शोधते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुणी तसलं काही सांगायला लागलं की मला हसू येतं, आणि हसू दाबता आलं नाही की भांडण होतं. ते माझं नेहमीचंच आहे.

तो पंप गावाच्या टोकाला होता. नवा रस्ता दुसरीकडून गेला, गिऱ्हाईक तिकडे वळलं आणि पंपाला टाळं लागलं. छप्पर कुणीतरी नेलं होतं, पेट्रोल भरायच्या यंत्रांचे नुसते ओटे उरले होते. जागा विकत घेणाऱ्याला तिथं दुकानं बांधायची होती, त्याआधी माझा अहवाल हवा होता. माझ्याबरोबर नेहमीचा माणूस होता. तो गिरमिट चालवतो आणि तोंडही त्याच वेगानं चालवतो, म्हणून आम्ही त्याला गिरमिटराव म्हणतो.

आमची पद्धत साधी आहे. नळीतून वर आलेली माती पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड बांधायचं आणि थोडा वेळ उन्हात ठेवायची. मातीत पेट्रोल असेल तर त्याची वाफ पिशवीतल्या हवेत येते. मग यंत्राची चोच आत खुपसायची आणि आकडा बघायचा. नाकानं हुंगायचं नाही, हा पहिला नियम. गिरमिटराव हुंगतोच. "बाई, यंत्राला सर्दी झाली तर?" म्हणतो. किती वेळा बोलले, शेवटी हात टेकले.

टाक्यांच्या जुन्या खड्ड्यात माती घाण होती, त्यात नवल नव्हतं. खड्ड्यात पिवळी, जाडी वाळू लागत होती. टाकीला दगड टोचू नयेत म्हणून तिच्या भोवती वाळू भरतात, तीच ती. बाकी त्या भागात सगळी काळी चिकण माती. हाताला लागली की दोन दिवस नखांतून निघत नाही.

पंपाच्या जागेला लागूनच एक बैठं घर होतं. मध्ये तारेचं कुंपण. दुपारी त्या कुंपणाशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"ताई, तुमचं हे यंत्र नुसतं मातीचंच मोजतं का?"

"नाही, हवेचं मोजतं. का हो?"

तिनं मागं वळून घराकडे बघितलं. "काही नाही," म्हणाली आणि गेली. काही नाही म्हणणाऱ्या बाईच्या मनात पुष्कळ काही असतं, हे मला स्वतःवरूनच ठाऊक आहे. मी वाट बघत बसले. थोड्या वेळानं ती परत आली, ती मुलीला कडेवर घेऊन. मुलगी चांगली सहासात वर्षांची, पाय आईच्या गुडघ्यांच्या खाली लोंबत होते.

"एवढी मोठी घोडी कडेवर?" मी मुलीला चिडवलं. ती हसली नाही.

"हिला भिंगरी म्हणतो आम्ही," आई म्हणाली. "आधी एका जागी ठरायची नाही. आता बघा. रोज सकाळी डोकं दुखतं, उठली की उलटी. चष्मा झाला, जंताचं औषध झालं. डॉक्टर म्हणतात शाळा नको म्हणून नाटक करते. पण सुट्टीच्या दिवशीही तेच. दिवसभर घराबाहेर असली की बरी असते."

"कुठं दुखतं गं?" मी विचारलं.

भिंगरीनं दोन्ही तळवे कानशिलांवर ठेवले. "इथं. आजोबा दाबतात."

"कुठले आजोबा?"

"आमचे. मेलेले."

इतकी सहज म्हणाली, की खोटं कशाला सांगतेस असं म्हणायलाही मी धजले नाही. अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, डोक्यावर ऊन, मागं गिरमिट घरघरतंय, आणि माझ्या अंगावर काटा.

आईनं मुलीला खाली उतरवलं, बाजूला खेळायला पिटाळलं आणि आवाज खाली आणून सगळं सांगितलं. तिचे सासरे आयुष्यभर याच पंपावर पेट्रोल भरायचे. मागच्या वर्षी मागच्या खोलीत झोपेतच गेले. सासूबाई एकट्या पडायला नकोत म्हणून भिंगरी त्यांच्याजवळ झोपायला लागली. आणि मग सासूबाई म्हणायला लागल्या, की हे रोज संध्याकाळी येतात. ते येतात म्हणजे त्यांचा वास येतो, पेट्रोलचा. कामावरून घरी आले की यायचा तसाच.

"मला वाटायचं, कपड्यांना असेल," ती म्हणाली. "म्हणून सगळे कपडे धुतले, ट्रंकेत घातले, ट्रंक बहिणीकडे पाठवली. तरी येतो. मलाही येतो, ताई. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही दिवेलागणीनंतर. पण पोरगी माझी तिथं झोपते! तिला बाहेर आणते म्हटलं की आई म्हणतात, ते तिलाच बघायला येतात, ती त्यांची लाडकी. आणि आमच्या घरचे आईसमोर अक्षर काढत नाहीत. तुम्ही एकदा तुमचं यंत्र घेऊन या. भूत असेल तरी सांगा, नसेल तरी सांगा. मला माझी मुलगी त्या खोलीतून बाहेर काढायचीय, बस्स."

कुंपणाच्या पलीकडे माझं काम नव्हतं. कशाला नसती उठाठेव, असं मी स्वतःला म्हणाले, आणि यंत्र काखोटीला मारून संध्याकाळी गेले.

मागची खोली लहान होती. एक रुंद पलंग, एक कपाट, एक खिडकी, खाली सिमेंटचा कोबा. कोबा जागोजागी तडकलेला. आजी पलंगावर बसल्या होत्या. किरकोळ शरीर, ताठ पाठ, डोळ्यांत मिस्कीलपणा.

"तूच का ती आमचा पंप उकरणारी? ये, बस. यंत्राला पण बसव."

मला त्या लगेच आवडल्या, आणि तीच पंचाईत झाली. चहा आला, गप्पा सुरू झाल्या. भिंगरी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बाहेर उजेड कमी व्हायला लागला तशा आजी उठल्या, खिडकी लावली, खिटी घातली आणि फटीत एक चिंधी नीट कोंबली. मग दार लोटलं.

"का बंद करता, आजी?"

"उघडी ठेवली तर हे बाहेरच्या बाहेर जातील ना." दूध उतू जाईल म्हणावं, तितक्या सहज म्हणाल्या. "जिवंत होते तेव्हा उलट. दिवसभर नाकात पेट्रोल, म्हणून घरी आले की खिडकी उघडी पाहिजे. थंडी असो, डास असोत. मी भांडायचे, कुडकुडायचे, दोन दोन पांघरुणं घ्यायचे. ऐकतील तर शपथ! गेले, त्या दिवशी मी पहिल्यांदा खिडकी लावली. यांच्या शर्टाचा वास खोलीत राहावा म्हणून. शर्टाचा वास गेला हळूहळू. मग एका संध्याकाळी अशीच बसले होते आणि हे आले. आपल्या पायांनी."

माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. इतकी वर्षं खिडकी उघडी, तेव्हा वास नाही. खिडकी बंद केली, आणि वास आला. घर उबदार, बाहेर हवा गार, अशा वेळी बंद घर जमिनीतली हवा फटींतून वर ओढून घेतं. मांडीवरचं यंत्र मी चालू केलं. आकडा हलला. मग चढायला लागला, सावकाश, न थांबता.

मग वास आला. आधी नुसती चाहूल, मग स्पष्ट. गोडसर, जड, घशाला लागणारा. एखाद्या माणसानं शेजारी येऊन उभं राहावं तसा तो आला. भिंगरीनं डोळे मिटले आणि हात कानशिलांवर नेले.

"हे आले," आजी म्हणाल्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि पलंगावर जराशा सरकून बसल्या. शेजारी जागा केली.

मला सगळं कळत होतं. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, तो का चढतोय हेही ठाऊक होतं. तरीही खरं सांगते, त्या सरकून केलेल्या जागेकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी यंत्राकडे बघत राहिले. आजी हळू आवाजात कुणाला तरी सांगत होत्या, आज पाहुणी आलीय, पंपाचं काम करते. आणि मग गप्प झाल्या, समोरचा बोलून होईपर्यंत आपण गप्प राहतो तशा.

भिंगरी कण्हली, तेव्हा माझा धीर सुटला. मी उठले, चिंधी उपटली आणि खिडकी सताड उघडली.

"अगं ए! काय करतेस!" आजी ओरडल्या. "हे आत्ता कुठं टेकले होते! चालती हो आधी. हो चालती!"

सुनेला मी अंगणात गाठलं. भूत नाही, पेट्रोल आहे, श्वासातून पोरीच्या अंगात जातंय, आजच्या आज तिला पुढच्या खोलीत झोपवा, असं स्पष्ट सांगितलं. तिनं झोपवलंही. पण आजी रडायला लागल्या, आणि भिंगरी स्वतःच उठून आजीपाशी जाऊन झोपली. लहान लेकराला कुणी अडवायचं?

दुसऱ्या दिवशी मी गिरमिटरावाला कुंपणाच्या कडेनं भोकं पाडायला लावली. म्हटलं, खड्ड्यातून घराकडे पाझर गेला असणार, मध्ये कुठंतरी सापडेलच. पहिलं भोक स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसरं, चौथं, सगळी काळीभोर चिकण माती, पेट्रोलचा मागमूस नाही. खड्ड्याच्या काठापाशी घाण संपत होती आणि पुढं काहीच नव्हतं. मी ऑफिसात आमच्या साहेबांना फोन लावला.

"तुम्हाला काम दिलंय कुंपणाच्या आतलं," साहेब म्हणाले.

"साहेब, कुंपण आपल्याला दिसतं. पेट्रोलला दिसत नाही."

"अहो, पण तुमच्याच भोकांत तर काही निघत नाही म्हणता. मग त्या घरात आलं कुठून? उडून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण बोलणं बरोबर होतं. इथंच तर घोडं पेंड खात होतं. घराच्या आत पेट्रोल आहे, खड्ड्यात पेट्रोल आहे, आणि दोन्हींच्या मधली माती धुतल्यासारखी स्वच्छ. मधल्या जमिनीला न शिवता ते गेलं कसं?

गिरमिटरावानं हातातली नळी खाली ठेवली. म्हणाला, "बाई, म्हणजे म्हातारा खरंच येतो की काय?"

"तोंड सांभाळ आणि नळ्या पूस," मी खेकसले. पण त्याच्यावर नाही, स्वतःवर चिडले होते. कारण काल संध्याकाळपासून तोच प्रश्न मलाही छळत होता.

संध्याकाळी मी पुन्हा गेले. या वेळी आजींचा मुलगा, भिंगरीचा बापही घरात होता. त्याचा कुलपं दुरुस्त करायचा धंदा, आणि आईसमोर तोंडालाही कुलूप. सून दाराशी, भिंगरी अंगणात. मी समजुतीनं बोलायचं ठरवून गेले होते. आजींनी खिडकीच्या खिटीला हात घातला आणि माझं ठरवणं गेलं उडत.

"आजी, ते तुमचे यजमान नाहीत. पेट्रोल आहे ते! या जमिनीतून येतंय. तुमची नात रोज रात्री ते पितेय. तुम्ही खिडकी लावता आणि तिला त्यात झोपवता."

मुलगा जमिनीकडे बघत होता. आपण जरा जास्तच बोललो, असं मला लगेच वाटलं, पण सुटलेला शब्द परत कुठं येतो.

आजी शांत होत्या. "त्या वासाच्या माणसाशेजारी मी जन्म काढला," त्या म्हणाल्या. "त्याचे हात हातात घेतले, त्याचे कपडे धुतले. आणि पेट्रोल म्हणजे काय हे तू मला सांगतेस?"

"मग खाली बघू द्या. कोपऱ्यात एकच भोक. एवढंसं."

"बघ. खुशाल बघ." त्यांचा आवाज चढला. "या घराची भरणी मी माझ्या पायांनी तुडवलीय, पाणी मारून मारून. खाली काय आहे मला ठाऊक आहे. काही निघालं तर पोरीला मी स्वतः या खोलीतून बाहेर नेईन. आणि नाही निघालं तर पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाहीस. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण त्या रात्री मला धड झोप लागली नाही. काही निघालं नाही तर भिंगरी त्याच पलंगावर राहणार होती, आणि मला कुंपणाच्या अलीकडून नुसतं बघत बसावं लागणार होतं.

सकाळी भिंगरीला शाळेत पाठवलं. गिरमिटरावानं कोपऱ्यातला कोबा फोडला आणि हातानं फिरवायचं गिरमिट लावलं. आजी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, जिंकायलाच बसल्यासारख्या. गिरमिट खाली गेलं, वर आलं. मी काळ्या मातीची वाट बघत होते.

वर आली वाळू. पिवळी, जाडी.

पाठोपाठ वास भपकन बाहेर आला, गिरमिटराव खोकत मागं सरला. पिशवीची गरजच पडली नाही. यंत्र नुसतं भोकापाशी धरलं तर किंचाळायला लागलं. वाळूत गंजाची एक खपली होती, एका बाजूला डांबराचा काळा लेप. टाकीला बाहेरून देतात तसा. मी असली वाळू आणि असली खपली त्याच आठवड्यात पाहिली होती, कुंपणापलीकडच्या खड्ड्यात.

"ही वाळू इथली नाही," मी म्हणाले. "पंपाच्या खड्ड्यातली आहे. इथं कुणी आणली?"

कुलूपवाल्यानं तोंड उघडलं. मी त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बाबांनी," तो म्हणाला. "मी हातगाडी ढकलत होतो."

आजी खाली उतरल्या. त्यांनी चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि बोटानं पसरली. आधी त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हसू आलं, जुनी ओळख निघाल्यावर येतं तसं.

"अगं बाई, खरंच की. पंपाच्या पहिल्या टाक्या काढून नव्या बसवल्या ना, तेव्हाची ही. ढीग पडला होता. मालक म्हणाला, ज्याला पाहिजे त्यानं न्या. आमचं जोतं बांधून झालं होतं आणि आत भरायला काही नव्हतं. हे कामावरून सुटले की गाडी भरायचे, हा ढकलायचा, मी पसरायचे. किती खूश होते! घराची भरणी फुकटात झाली म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते. मी म्हटलं, अहो, वाळू वास मारतेय. तर म्हणाले, उन्हात पडली की जाईल. पण ऊन कुठलं, लगेच वर कोबा पडला..."

बोलता बोलता त्या थांबल्या. हसू तिथंच राहिलं होतं, डोळे मात्र बदलले. मला हेच हवं होतं, काल रात्रभर मी हेच मागत होते, आणि आता ते नको झालं.

"म्हणजे हे यांनीच आणलं," आजी म्हणाल्या.

"आजी, तेव्हा कुणाला कळत होतं? चांगलंच करायला गेले ते."

"हे रोज खिडकी उघडी ठेवायचे." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "यांना कळलं होतं का गं मागून? म्हणून उघडी ठेवायचे का? मला बोलले नाहीत?"

नाही म्हणाले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं, "माहीत नाही, आजी." ते कळायला आता कुणी उरलेलं नव्हतं. त्या खोलीत आम्ही पाच जण होतो, सगळे त्या एवढ्याशा भोकाकडे बघत होतो, आणि तिथून तो वास येतच होता.

आजींनी शब्द पाळला. भिंगरी शाळेतून आली तेव्हा तिचं पांघरूण, उशी, बाहुली, सगळं त्यांनी आपल्या हातांनी पुढच्या खोलीत नेलं. तिच्यापाशी स्वतःचीही उशी टाकली. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. मुलगी पुढं झोपायला लागली आणि तिच्या सकाळच्या उलट्या थांबल्या. थोड्याच दिवसांत ती कुंपणाच्या तारांखालून सरपटत आमच्या नळ्यांशी यायला लागली, आणि गिरमिटराव तिच्या मागं धावायला लागला. मला बघितलं की सून लांबूनच हसायची. मी जिंकले होते. पण आजी माझ्याशी बोलत नव्हत्या. दिवेलागणीला त्या मागच्या खोलीच्या बंद दारापाशी जाऊन उभ्या राहायच्या, असं सून म्हणाली. आत जायच्या नाहीत. नुसत्या उभ्या राहायच्या.

पंपाच्या जुन्या कंपनीनं आधी कानावर हात ठेवले. मी साहेबांच्या इतकी डोक्यावर बसले, की शेवटी तेच कंपनीच्या डोक्यावर जाऊन बसले. खोली रिकामी केली, कोबा फोडला, जोत्यातली सगळी वाळू उपसायला काढली. आम्ही नाकातोंडाला मुखवटे लावले होते. आजींना मी लांब बसा म्हणून सांगितलं. त्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसल्या, दिवसभर, जेवायलाही उठल्या नाहीत. घमेली बाहेर येत होती, ट्रकमध्ये पडत होती, आणि त्या प्रत्येक घमेल्याकडे बघत होत्या.

दुपार कलली तेव्हा काळी माती लागली. स्वच्छ. ट्रकवर ताडपत्री ओढून बांधली. ट्रकवाला सकाळपासून उशीर होतो म्हणून बोंबलत होता, त्यानं इंजिन चालू केलं. तेव्हा आजी खुर्चीवरून उठल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"कुठं नेणार हे?"

"लांब आहे, आजी. असली माती टाकायची एक जागा असते. खाली जाड अस्तर घालतात, मग वरून बंद करतात."

"तिथं कुणाला भेटायला जाता येतं?"

"नाही. कुंपण असतं. कुणाला सोडत नाहीत."

"बरं," आजी म्हणाल्या. "मग मला आत्ताच बोलून घेतलं पाहिजे."

त्या ट्रकच्या मागं गेल्या. मुलगा पुढं व्हायला लागला तर सुनेनं त्याचा हात धरला. ट्रकवाला खिडकीतून डोकं काढून ओरडणार होता. त्यानं आजींना बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं. आजींनी मागच्या फाळक्याच्या पत्र्यावर हात ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ऐकलंत का? फुकट मिळालं म्हणून काहीही घरात आणायचं असतं का? मी म्हटलं होतं, वास मारतेय. तुम्ही माझं कधी ऐकलंत? पोरगी लहान आहे आपली. तिला वाटतं, आजोबाच डोकं दाबतात. असं वाटू द्यायचं का तिला तुमच्याबद्दल? आणि कळलं असेल तुम्हाला, तर मला सांगायचं होतं. मी काय घर सोडून जाणार होते? नुसतीच खिडकी उघडत बसलात जन्मभर." त्यांचा आवाज फुटला, तरी थांबल्या नाहीत. "मला बरं वाटायचं तुम्ही आलात की. मी तुम्हाला धरून ठेवलं. चूक माझीपण झाली. आता जा. पोरीला सोडा आणि जा. मी राहीन."

ताडपत्रीच्या कडेनं वास येत होता. मी मुखवटा कधी काढला होता, मला आठवत नाही. मग आजींनी फाळक्यावर दोन थापा मारल्या, मागचा माणूस निघा म्हणून मारतो तशा. ट्रकवाल्यानं गाडी सुरू केली आणि अगदी सावकाश, खड्डे चुकवत नेली. आजी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून वळणापर्यंत बघत राहिल्या.

माझा हात कुणीतरी ओढला. भिंगरी होती.

"आजी कुणाशी बोलत होती?"

मी तिच्या आईकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. गिरमिटराव उगाच नळ्या मोजत होता. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"आजोबांशी," मी म्हणाले.